हिवराच्या सावलीतले दहा चौकोन

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोला नाही, रोज संध्याकाळी ज्याच्याबरोबर फिरायला जातो त्या सहकाऱ्याला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच नाही. तुम्हाला सांगतोय. का? — तुमच्यावर माझा फार विश्वास आहे असं समजू नका. तुम्ही माझ्यासमोर बसलेले नाहीत, एवढंच. समोर माणूस असला की मी काय करतो, ते पुढं येईलच.

मी सोलापुरात एका कॉलेजात पर्यावरणशास्त्र शिकवतो. जुळे सोलापुरात फ्लॅट आहे, खाली स्कूटर आहे, आणि गेल्या काही वर्षांत माझी एक ओळख झाली आहे — माळरानवाले सर. शाळा बोलावतात, मंडळं बोलावतात, पर्यावरण दिनाला तर माझी तारीख मिळत नाही. शाल, नारळ, रोपटं. हो, रोपटंसुद्धा! माळावर झाडं लावू नका म्हणून तासभर घसा फोडणाऱ्या माणसाच्या हातात शेवटी रोपटं देतात, आणि तो माणूस ते हसून घेतो. यावरून एकंदर प्रकाराची कल्पना यावी.

भाषण ठरलेलं आहे. माळ म्हणजे ओसाड जागा नव्हे. झाड नाही म्हणजे काहीच नाही, असं मानायची आपल्याला खोड लागली आहे. ही खोड गोऱ्या साहेबाची. त्याला लाकडाशी मतलब होता, त्यानं गवताला पडीक ठरवलं आणि आपण तेच गिरवत बसलो... इथपर्यंत आलं की लोक माना डोलावतात. साहेबाला शिव्या घालणं किती सोयीचं असतं! तो काही मागच्या रांगेतून उठून ‘आता तुमचं सांगा’ असं म्हणत नाही. मग मी दोन फोटो दाखवतो. पहिल्यात गुडघाभर पिवळं गवत आणि लांब एकच हिवराचं झाड. दुसऱ्यात तीच जागा — तारेचं कुंपण, खणलेले चर, कवायतीला उभी केल्यासारखी झाडं. कुंपणाशी एक लहान मुलगी खाली बघत उभी आहे. त्या मुलीमुळं फोटोला जीव आला, असं मला एकानं मुद्दाम येऊन सांगितलं होतं. तो फोटो मी जरा वेळ तसाच ठेवतो, घसा खाकरतो आणि विचारतो, ‘हे कुणी केलं?’ एखादी बाई डोळे पुसते.

कुणी केलं? मी केलं. माईक धरून उभा असतो ना, त्यानंच.

पण असं एका वाक्यात सांगून मोकळं व्हायचं, ही माझी जुनी सवय. म्हणून नीट सांगतो. कंटाळा आला तर येऊ द्या.

आमच्या शास्त्रात पृथ्वीची वाटणी करतात. त्यासाठी एक तक्ता असतो. आडवा पाऊस, उभी उष्णता. तुमच्या गावात पाऊस किती, ऊन किती, ते बघून तक्त्यावर बोट ठेवायचं. बोटाखाली नाव छापलेलं असतं. सदाहरित वन, पानझडी वन, काटेरी वन, गवताळ प्रदेश, वाळवंट, टुंड्रा. याला बायोम म्हणतात. मुलं ते पाठ करतात, पाच मार्क मिळवतात आणि विसरून जातात. मुलांचं काही चुकत नाही.

कारण सोलापूरवर बोट ठेवलं की ते नेमकं रेघेवर पडतं. रेघेच्या एका अंगाला काटेरी वन, दुसऱ्या अंगाला गवताळ प्रदेश. पाऊस तोच, ऊन तेच — मग एका माळावर झाडी आणि शेजारच्या माळावर गवत, असं का? माती किती खोल आहे, खाली मुरूम किती वर आलाय, तिथं कोण चरतं, कधी वणवा जातो — यावर ते ठरतं. तक्त्याला हे काही माहीत नसतं. एक पक्ष म्हणतो, इथं मुळात जंगलच होतं, माणसानं तोडलं म्हणून गवत उरलं. दुसरा म्हणतो, गवतच मूळचं, जंगल इथं कधी नव्हतंच. हा वाद खोलीत बसून मिटत नाही. त्या त्या माळावर जावं लागतं, गवतात उतरावं लागतं, मोजावं लागतं. आमच्या अख्ख्या विद्येत खरं काम एवढंच. बाकीचं सगळं टाय लावून बोलणं.

आणि तेवढंच मी केलं नाही.

म्हणजे — गेलो होतो. गेलो नव्हतो असं नाही. बारा वर्षांपूर्वी जिल्ह्यात झाडं लावायची एक योजना आली होती. कुठल्या गायरानावर लावायची ते ठरवण्याआधी कुणीतरी जाऊन पाहणी करायची होती. माझ्या वाट्याला मंगळवेढ्याच्या पलीकडचं एक गायरान आलं. गावाचं नाव सांगत नाही — इथंही मी नाव लपवतोच आहे, बघा. फॉर्मच्या शेवटी दोन रकाने होते. एकात छापलेलं, ‘ऱ्हास पावलेलं काटेरी वन’. दुसऱ्यात, ‘नैसर्गिक गवताळ प्रदेश’. पहिल्यावर खूण केली की तिथं झाडं लागणार, कुंपण पडणार, चराई बंद. दुसऱ्यावर केली की माळ आहे तसा राहणार. एका पेनाच्या टोकाचा प्रश्न.

मोजायची रीत अगदी साधी आहे. लोखंडी सळईची एक चौकट असते, मीटरभर लांब, मीटरभर रुंद. माळावर वेगवेगळ्या दहा ठिकाणी जायचं, पाठमोरं उभं राहायचं आणि न बघता ती खांद्यावरून मागं फेकायची. पडेल तिथं पडेल. मग वाकून आत काय काय उगवलंय ते मोजायचं आणि मान वर करून डोक्यावर झाडाची सावली आहे का ते लिहायचं. न बघता फेकायची ती एवढ्यासाठी, की माणूस स्वतःच्या सोयीची जागा निवडतो. ही रीत ज्यानं घालून दिली त्याला माझ्यासारखी माणसं चांगली ठाऊक असणार.

ऑक्टोबर होता. सोलापूरकडचा ऑक्टोबर — डोक्यावर तवा ठेवल्यासारखं ऊन. माळावर कुसळी गवत गुडघ्याच्या वर आलेलं. ते पिकलं की त्याची बी सुईसारखी होते, पॅन्टीत घुसते, मोज्यात घुसते आणि चालताना आत आत सरकत राहते. माझी पॅन्ट नवी होती. मी कडेला उभा राहून एक फोटो काढला — तोच तो पहिला फोटो — वीसेक पावलं आत गेलो, आणि मोजे झटकत परत आलो. हसू नका. किंवा हसा. एका अख्ख्या माळाचं भवितव्य माझ्या मोज्यांनी ठरवलं.

माळावर सावली एकाच ठिकाणी होती. हिवराखाली. तिथं पन्नासेक मेंढ्या माना खाली घालून एकमेकींना खेटून बसल्या होत्या आणि काठी आडवी टाकून एक बाई बसली होती. बायडाबाई. साठीच्या घरातली, वाळकी, ताठ. मला बघून तिनं मेंढ्या सरकवल्या आणि माझ्यापुरती जागा केली. तिच्याजवळ प्लास्टिकच्या कॅनमध्ये पाणी होतं, मी न मागता दिलं. मी तिला मावशी म्हटलं. अशा बायकांना मावशी म्हणायला आम्हाला काही पैसे पडत नाहीत.

ती बोलत होती, मी कपाळ पुसत होतो. ह्यो कुसळीचा माळ, ती म्हणाली, कवळी हाय तवर मेंढरं खात्यात, पिकली की त्वांड लावत न्हाईत. तिकडं पवन्या, ते दिवाळीच्या फुडं कामाला येतं. खाली वगळीच्या, ओढ्याच्या अंगाला मारवेल, ते उन्हाळ्याला राखायचं. आणि ही बसायची जागा. काठीनं एकेक दिशा दाखवून तिनं माळाचे चार भाग पाडले. कुठल्या महिन्यात कुठं काय असतं आणि का असतं, सगळं. मला काय वाटलं सांगू? मला गंमत वाटली. अंगठेबहाद्दर बाई आपल्याला माळ शिकवतेय, याची गंमत. माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधात अशा माळाला एक नाव होतं. तिच्यापाशी चार होती आणि चारही बरोबर होती.

मग मी चौकट काढली. फेकली नाही — ठेवली. हिवराखाली. मेंढ्यांच्या मधल्या मोकळ्या जमिनीवर. लिहून घेतलं, दोन हात पुढं सरकवली, परत लिहून घेतलं. सावली सरकली तसा मीही झाडाभोवती सरकलो. दहा वेळा.

ती बघत होती. शेवटी तिला राहवेना. “सायेब, हितं कुटं गवात घावायचं? मेंढरं बसत्यात हितं रोज. तितं जावा की, उनात.”

“मावशी, हे शास्त्र असतं,” मी म्हणालो.

हे वाक्य मी खरोखर उच्चारलं. ते आठवलं की आजही मान खाली जाते — पण एकटा असतानाच जाते, लोकांत जात नाही. निघताना रुबाब म्हणून तिला माझं कार्डही दिलं.

आता त्या दहा चौकोनांत काय निघालं असेल ते तुम्हीच सांगा. गवत — नाही. जमीन — उघडी, खुरांनी तुडवलेली, लेंड्या पडलेली. डोक्यावर झाडाची सावली — दहापैकी दहा. कागद वाचणाऱ्याला काय दिसणार? सगळीकडं झाडं आणि खाली ओसाड जमीन. एकाच हिवरानं दहा वेळा हजेरी लावली आणि त्या कागदावर जंगल उभं राहिलं — बिचारं, उजाड, झाडं लावून वाचवायला हवं असं जंगल. बरोबर जोडलेला फोटोही मी बदलला. कडेवरून काढलेला घरी ठेवला आणि मेंढ्यांच्या बसायच्या जागेचा जोडला. पहिल्या रकान्यावर खूण केली, सही केली, तारीख घातली.

तुम्ही म्हणाल, आळस. ऊन होतं, माणूस थकतो. इथंच थांबलो तर तुम्ही मला आळशी म्हणून सोडून द्याल, आणि ते मला फार परवडण्यासारखं आहे. म्हणून थांबत नाही.

दिवाळी झाली. एका रविवारी सकाळी बेल वाजली. दारात बायडामावशी. हातात माझं कार्ड — कडा मऊ पडलेलं — आणि डोक्यावर जुन्या लुगड्यात बांधलेलं गाठोडं. गावात वाचून दाखवलं होतं की गायरान जंगल ठरलंय, आता झाडं लागणार. कुणाची हरकत असेल तर पाहणी करणाऱ्यानं मुदतीच्या आत दुरुस्ती पाठवावी. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. ही एसटीत बसून सोलापूरला आली, रिक्षावाल्याला कार्ड दाखवत दाखवत जुळे सोलापुरापर्यंत पोचली. सोफा असताना फरशीवर बसली आणि गाठोडं सोडलं.

आत गवत होतं. मुळासकट उपटलेलं, तुऱ्यासकट, एकेक जात वेगळी, चिंधीनं बांधलेली. अकरा जुड्या.

“तवा तुमाला उनाचं जाता आलं न्हाय,” ती म्हणाली. “म्हनून म्याच आनलं. ह्ये बगा आन दुरुस्त करून टाका. सून बाळंत झाली, पोरगी झाली, म्हनून आट-धा दिस मागं पडलं. चालंल न्हवं?”

बघितलंत? टोमणा नाही, तक्रार नाही. मला जाता आलं नाही, असंच ती म्हणाली. मी गेलो नाही, असं तिनं म्हटलंच नाही. माझी बाजू तिनंच सांभाळून घेतली होती.

मी म्हणालो, “चालेल की मावशी. अजून वेळ आहे.” आणि वेळ होता. तीन आठवडे होते. एक पत्र लिहायचं होतं — पहिली पाहणी चुकली, पुन्हा करतो. चार ओळी. काय झालं असतं? नोकरी गेली नसती. पगार थांबला नसता. विभागात दोघं-तिघं हसले असते — काय हो, झाडाखाली बसून माळ मोजला म्हणे! बस्स. एवढ्या हसण्याला मी भ्यालो. पहिला आठवडा उद्या लिहू म्हणून गेला, दुसरा परीक्षेच्या कामात गेला, आणि तिसऱ्या आठवड्यात मी दिवस मोजत होतो — कधी एकदा संपतायत म्हणून. हे मी स्वतःशीसुद्धा आज पहिल्यांदा म्हणतोय.

आणि गवत? गवत फार सुरेख होतं. इतके चांगले नमुने माझ्या विद्यार्थ्यांनी कधी आणले नव्हते. टाकून द्यायला जिवावर आलं. मी ते वर्तमानपत्रात दाबून वाळवलं, जाड कागदावर चिकटवलं आणि खाली चिठ्ठ्या लावल्या. चिठ्ठीवर नाव, तारीख आणि ठिकाण लिहावं लागतं. ठिकाण! खरं लिहावं, तर माझ्याच कपाटात माझ्याच अहवालाविरुद्ध अकरा साक्षीदार उभे राहतात. मी दुसऱ्याच तालुक्यातल्या एका गावाचं नाव टाकलं. अकरा वेळा, वळणदार अक्षरात. गोळा करणारा म्हणून माझं नाव. ते कागद आजही विभागाच्या काचेच्या कपाटात आहेत. पाहुणे आले की आम्ही दाखवतो.

पुढच्या उन्हाळ्यात यंत्रं आली. चर खणले, तार ओढली, एकाच जातीची परदेशी रोपं ओळीनं लावली. माझ्या सहीनं.

नंतर वारा फिरला. माळ, गवत, तिथले पक्षी यांच्याबद्दल बोलायचे दिवस आले. वारा ओळखण्यात मी हुशार. वाचलं, शिकलो, मलाही पटलं — खरंच पटलं, त्यात खोटं नाही, आणि हेच सगळ्यांत ओंगळ आहे. भाषणासाठी कडेवरून काढलेला जुना फोटो माझ्याकडं होताच. त्याच जागेचा आताचा हवा होता. म्हणून सात वर्षांपूर्वी मी पुन्हा तिथं गेलो. माफी मागायला नव्हे. फोटो काढायला.

निम्मी रोपं वाळली होती, उरलेली नुसतीच उंच झाली होती; खाली कुसळाचं नाव नव्हतं. पायात काही टोचलं नाही. कुंपणाच्या बाहेर बायडामावशी चार शेळ्या घेऊन उभी होती. मेंढ्या विकल्या होत्या. मुलगा आणि सून लोकांच्या डाळिंबात कामाला जात होते. तिनं मला लांबून ओळखलं. “सायेब!” म्हणाली आणि तिला आनंद झाला. मला बघून कुणाला आनंद व्हावा, अशी ती जागा नव्हती. बरोबर पाच वर्षांची एक मुलगी होती, अनवाणी, एका हातानं तार धरलेली.

“ही तवाची पोरगी,” मावशी म्हणाली. “हिच्या बाळंतपनात म्या अडकले, न्हायतर गवात आदीच आनलं आसतं तुमच्याकडं. घरात समदी हिलाच बोलत्यात बगा. पांढऱ्या पायाची म्हनत्यात. माळ खाऊन आली म्हनत्यात. म्या म्हनते, लेकराचा काय दोस? पर तुमीच सांगा सायेब, तुमाला म्हाईत — उशीरच झालता न्हवं आमाला?”

ती विचारत होती. नुसतं बोलत नव्हती, विचारत होती, आणि उत्तर जगात एकाच माणसाला माहीत होतं. उशीर झाला नव्हता. तीन आठवडे होते. मुलीचा काही संबंध नव्हता. एवढं म्हणायला किती श्वास लागतो? मुलगी माझ्या तोंडाकडं बघत होती. त्या वयाची मुलं मोठ्यांचं बोलणं ऐकत नाहीत असं आपण समजतो.

मी म्हणालो, “हो मावशी. थोडा उशीरच झाला तेव्हा.”

मावशीनं मान हलवली. मी दोन पावलं मागं सरकून कॅमेरा वर केला.

तो फोटो मी आतापर्यंत कितीतरी सभागृहांत दाखवला आहे. कुंपण, चर, ओळीतली झाडं, आणि तारेशी खाली बघत उभी असलेली मुलगी. ती काय बघते आहे, असं मला अजून कुणी विचारलेलं नाही. ती आपले पाय बघते आहे.